मोडीत काय काढायचं?

गेले तीन वीकेंड मी पुण्यात नव्हतो. शुक्रवारी हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून कसंबसं सुटून स्वारगेट गाठायचं, अपरात्री कराडला उतरायचं आणि तिथून विट्याकडे जाणारी पहिली गाडी पकडून कडेगाव. रविवारी रात्री त्याच वाटेनं परत. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद ठेवून का बसतो, हे आता टीममधल्या मंडळींना कळेल :-)

कारण असं की आमचं गावचं घर पाडायचं ठरलंय. जुनं, मातीच्या भिंतींचं घर. आज्जी होती तोवर कुणी विषय काढला नाही. ती जाऊन दोन वर्षं झाली, आणि गेल्या पावसाळ्यात मागची भिंत बसली. आता तिथं स्लॅबचं घर होणार. पण त्याआधी आतलं सगळं सामान बाहेर काढायचं आणि त्याचं काय करायचं ते ठरवायचं. घरात इंजिनिअर एकच, त्यामुळे हे काम आपोआप माझ्याकडे आलं.

मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. एक्सेल शीट! २३७ ओळी. कॉलम चार : वस्तू, शेवटचा वापर, अंदाजे किंमत, निर्णय. आणि नियम एकच, जो हल्ली सगळीकडे ऐकायला मिळतो - वर्षभरात वापरली नाही ती वस्तू घराबाहेर. इतका सोपा नियम असल्यावर एका दिवसात काम संपेल, असा माझा अंदाज होता. (आमच्या क्षेत्रात अंदाज किती बरोबर येतात ते आपल्याला माहीतच आहे.)

पहिला बग तासाभरातच सापडला. तांब्याचं मोठं तपेलं आणि दोन पराती. शेवटचा वापर : २०१९, चुलतबहिणीचं लग्न. निर्णय : विकणे. आई स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अरे, मागच्याच महिन्यात वरच्या आळीला जेवणं होती, तिथं गेलं होतं की ते!" मग चौकशी केली. आमचं ते तपेलं वर्षातून पाच-सहा वेळा तरी भावकीत, गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या बारशाला, बाराव्याला जाऊन येतं. आमच्याकडे ते फक्त मुक्कामाला असतं. माझ्या कॉलमात "आम्ही शेवटचं कधी वापरलं" एवढंच होतं. "शेवटचं कुणी वापरलं" हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. पुण्यात माझ्या टू बीएचकेमध्ये या दोन प्रश्नांचं उत्तर एकच येतं. कडेगावात येत नाही.

तर सांगायचा मुद्दा असा, की नको असलेल्या वस्तू विकाव्यात की नाही हा वादच नाही. विकाव्यातच. पण कुठल्या विकायच्या हे ठरवण्याच्या आपल्या ज्या पद्धती आहेत, त्या दोन्ही टोकाच्या आहेत असं माझं मत झालंय. एक टोक म्हणजे आपल्या आईवडिलांचं - "असू दे, लागेल कधीतरी." दुसरं टोक आपलं - "वर्षभरात लागली नाही ना? काढा." जपानच्या मारी कोंडो बाईंची पद्धतही या दुसऱ्या टोकाच्याच जवळची. वस्तू हातात घ्या, आनंद वाटला तर ठेवा, नाहीतर तिचे आभार मानून निरोप द्या. २०१९ साली नेटफ्लिक्सवर त्यांचा कार्यक्रम आल्यावर आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांनी कपाटं रिकामी केली होती. पुढे २०२३ मध्ये बाईंनी स्वतःच सांगितलं की तीन मुलं झाल्यावर आता घर पूर्वीसारखं आवरलेलं नसतं. मला त्या तेव्हा जास्त आवडल्या.

मी वर्षभर ऑनसाइट असताना इंग्लंडमध्ये 'कार बूट सेल' पाहिला होता. रविवारी पहाटे एखाद्या मोकळ्या मैदानात लोक गाड्या लावतात, जागेचे थोडे पैसे भरतात, डिकी उघडतात आणि घरातलं नको असलेलं सामान टेबलावर किंवा गवतावर मांडतात. अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या, एका बाजूचा स्पीकर, मुलांचे बूट. एका आजोबांनी जिगसॉ पझलच्या खोक्यावर "दोन तुकडे कमी" असं स्वच्छ लिहून ठेवलं होतं आणि तरीही ते विकलं गेलं. मला या प्रकाराचं फार कौतुक वाटलं. विकणाऱ्याला लाज नाही, घेणाऱ्याला संकोच नाही. आपल्याकडे असं का नाही, असं मी तेव्हा मित्रांना तावातावानं विचारत होतो.

आपल्याकडे आहे की! पुण्यात मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार आहे, रविवारी आणि बुधवारी भरणारा. मुंबईत चोरबाजार आहे. दारावर बोहारीण येते, रद्दीवाला येतो, भंगारवाला येतो. फरक एवढाच की आपल्याकडे घरमालक स्वतः मांडून बसत नाही. मधे कुणीतरी लागतो. आणि त्यामागचं कारण मला गावात कळलं.

पहिल्या शनिवारी मी उत्साहानं चार पितळी डबे, एक घंगाळ आणि बंब पुसून-पासून ओट्यावर मांडले, फोटो काढायला. अर्ध्या तासात दोघं जण येऊन आप्पांना (म्हणजे माझ्या वडिलांना) बाजूला घेऊन विचारून गेले, "मास्तर, काय अडचण हाय का?" आप्पांचा चेहरा उतरला. ते काही बोलले नाहीत, पण सगळं आत नेऊन ठेवलं. संध्याकाळी मग सांगितलं. हा भाग दुष्काळी. टेंभूचं पाणी आता आलं, ऊस दिसतोय, पण त्याआधीची वर्षं वेगळी होती. साल वाईट गेलं की घरातलं तांबं-पितळ सावकाराकडे जायचं. भांडं ओट्यावर आलं म्हणजे घर अडचणीत आलं, असाच त्याचा अर्थ. इंग्लंडमधल्या त्या मैदानात डिकी उघडून बसणाऱ्या माणसाला हे ओझं नव्हतं. त्याच्यासाठी ती रविवारची करमणूक होती.

म्हणून मी म्हणतो, आपल्या पिढीनं ही लाज सोडायला हरकत नाही, सोडावीच. पण ती कुठून आली हे माहीत असावं. आईवडील "विकू नको" म्हणतात तेव्हा दर वेळी ते जुनाट विचारांचे म्हणून म्हणत नाहीत.

आता किमतीबद्दल. माझ्या स्वतःच्या वस्तूही त्या घरात होत्या. त्यातली एक गिअरची सायकल, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला घेतलेली. मी तिची किंमत लावली ९ हजार. कराडच्या एका मुलानं ३५०० सांगितले. मी चिडलो. मग आठवलं की या चिडण्यावर चक्क प्रयोग झालेले आहेत. डॅनियल काहनमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांचा १९९० सालचा शोधनिबंध. कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना त्यांनी विद्यापीठाचं चिन्ह असलेला कॉफी मग फुकट दिला. दुकानात त्याची किंमत ६ डॉलर. मग ज्यांच्याकडे मग आहे त्यांना विचारलं, कितीला विकाल? आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना, कितीला घ्याल? विकणाऱ्यांचा मधला आकडा सव्वापाच डॉलर आला, घेणाऱ्यांचा सव्वादोन-अडीचच्या आसपास. काही मिनिटांपूर्वी फुकट मिळालेला मग! नुसता आपला झाला म्हणून त्याची किंमत दुप्पट झाली. काहनमनना २००२ मध्ये आणि थेलरना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माझी सायकल मी तर आठ वर्षं आपली म्हणत होतो. ३८०० ला दिली. तो मुलगा आता तीवरून रोज कॉलेजला जातो.

मला यातून एक गोष्ट पटली. आपल्या आठवणींचे पैसे घेणाऱ्याकडून मागू नयेत. तो सायकल घेतोय, आपलं सेकंड इयर घेत नाहीये. एखाद्या वस्तूला कुणी देऊ केलेला भाव ऐकून आपला अपमान होत असेल, तर ती वस्तू बहुधा विकायची नाहीये. ती कुणाला तरी द्यावी किंवा ठेवावी. विकायच्या त्याच, ज्यांचा कमी भाव ऐकून आपल्याला फक्त थोडं वाईट वाटेल.

दुसरी गोष्ट म्हणजे वस्तू कुठे द्यायची, यावर निम्मा निर्णय असतो. आईच्या जुन्या साड्या बोहारणीकडे गेल्या, त्यात तिला एक स्टीलचं पातेलं आणि दोन डबे मिळाले आणि ती घासाघीस करून जाम खूश झाली. पण आज्जीचा शालू बोहारणीला द्यायचा नव्हता, कारण जुन्या शालूत जर खरी असते. अशी लुगडी घेऊन जर जाळून त्यातली चांदी काढणारे लोक आहेत. लाकडी कपाट एका साइटवर टाकलं, तर पाच मिनिटांत "सैन्यात आहे, बदली झालीय, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा" असा फोन आला. माझ्या रूममेटचे असेच १२ हजार गेलेले, म्हणून मी वाचलो. लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याकडून जाणार. आणि जुना टीव्ही, जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊ नका. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, आणि तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात त्याचा धूर कुणाच्या तरी पोरांच्या नाकात जातो. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झालेत, नोंदणी असलेले रिसायकलर आहेत, तिकडे द्या. हार्ड डिस्क काढून घ्या हे तुम्हाला सांगायला नको.

इथवर सगळं शीटमध्ये बसत होतं. आता जे बसलं नाही ते सांगतो.

दुसऱ्या शनिवारी भंगाराचा टेम्पो आला. कुळवाच्या मोडक्या फासा, गंजलेले पत्रे, पंपाचे सुटे भाग, असं बरंच काही गेलं. त्यात धान्य मोजायची लोखंडी मापं पण गेली. सात मापं, एकात एक बसणारी. ओळ क्रमांक १४२. शेवटचा वापर : माहीत नाही. वजन पावणेपाच किलो, २८ रुपये किलोनं १३३ रुपये. मी "निर्णय" कॉलममध्ये टिक केली आणि पुढच्या ओळीकडे गेलो.

संध्याकाळी आत्या आली. आप्पांपेक्षा मोठी, अडुसष्ट वर्षांची. कोपऱ्यातली रिकामी कणगी बघून म्हणाली, "मापं कुठं हाईत रं?" मी सांगितलं. ती एकदम खालीच बसली. "इकलीस व्हय? आरं, इचारायचंस तरी!"

मग तिनं सांगितलं ते मी २८ वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. सुगीला खळ्यावर बलुतेदार यायचे, तेव्हा त्यांचं बलुतं आज्जी याच मापांनी घालायची. सुताराला किती, न्हाव्याला किती, सगळं तोंडपाठ. ७२ च्या दुष्काळात रेशनला मिलो यायचा, तांबडी परदेशी ज्वारी. तो घरात आला की आज्जी आधी शेरानं मोजायची आणि मगच आठवड्याचा हिशोब मांडायची, कुणाच्या ताटात किती ते. आप्पा तेव्हा सहा वर्षांचे. आत्याला शाळा चौथीपर्यंतच, पण सगळा हिशोब या मापांवर शिकलेली. तिनं बोटांवर म्हणून दाखवलं : दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. आणि आमच्याकडे सोळा पायल्यांचा मण.

मी मनातल्या मनात गुणत होतो. निळव्यापासून पायलीपर्यंत सहा वेळा दुप्पट, म्हणजे ६४. गुणिले १६. एका मणात १०२४ निळवी! गावोगावी मापं थोडीफार बदलायची म्हणे, पण आमच्या घरातल्या मणाचा हिशोब हा असा, किलोबाइटचा. १९५६ च्या कायद्यानं देशात मेट्रिक पद्धत आली, बाजारातून ही मापं गेली, पण आज्जीच्या कोपऱ्यात बायनरी तशीच उभी होती. मी चार वर्षं इंजिनिअरिंग करून आलो आणि तिचे १३३ रुपये केले.

आप्पा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी मी भंगारवाल्याचं गोडाऊन गाठलं. माणूस चांगला होता, त्यानं ढीग उचकायला दिला. सातापैकी तीन सापडली. चिपटं, मापटं आणि शेर. बाकीची आदल्या रात्रीच दुसऱ्या गाडीत गेली होती. त्यानं पैसेही घेतले नाहीत. शेराच्या कडेला पोचा आला होता.

माझा एक मामा गलाईच्या धंद्यात आहे, कोइमतूरला. आमच्याकडच्या मंडळींना हे सांगायला नको, विटा-खानापूर-कडेगाव-आटपाडी या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेलीत. जुने दागिने आटवून शुद्ध धातू काढणं हाच त्यांचा उद्योग. म्हणजे मोडीत निघालेल्या वस्तूंवर आमच्या अख्ख्या भागातली किती तरी घरं उभी राहिली. मामा पुढच्या आठवड्यात आला तेव्हा मी त्याला ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आमच्या दुकानात बाई दागिना घेऊन आली की मी भट्टी लगेच नाही पेटवत. चहा मागवतो. घरी विचारलंय का, एवढंच विचारतो. दहातली एखादी परत जाते. भट्टीतनं सोनं परत मिळतं, दागिना नाही मिळत."

माझ्या शीटमध्ये हा चहाच नव्हता.

मला माहीत आहे, यावर तुमच्यापैकी काही जण म्हणतील की हे सगळं भावनिक होतंय. असं प्रत्येक वस्तूला आत्याची गोष्ट चिकटलेली निघाली, तर माणसानं काहीच काढू नये का? घराचं गोडाऊन करावं? किंवा मग घंगाळात झाड लावून हॉलमध्ये ठेवावं, हल्लीच्या हॉटेलांत ठेवतात तसं? नाही. मी तसं म्हणत नाहीये. पुण्यात केळकर संग्रहालयात तुम्ही गेला असालच. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्री अशा घरोघरच्या साध्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, वीस हजारांच्या आसपास. ते त्यांचं काम होतं आणि त्यांनी ते आपल्या सगळ्यांसाठी केलं. प्रत्येक घरानं तसं करायची गरज नाही, आणि तेवढी जागाही नाही. आणि आमच्याच गावचं उदाहरण घ्या. कडेगावचे ते उंचच उंच ताबूत तुम्ही फोटोत तरी बघितले असतील. बांबू आणि कागदाचे, दर मोहरमला नव्यानं बांधतात. हिंदू-मुसलमान दोघंही त्यात असतात. मागच्या वर्षीचा ताबूत कुणी जपून ठेवत नाही. पण तो बांधायचा कसा, हे हातांना माहीत असतं, म्हणून परंपरा चालू राहते. वस्तू गेली तरी चालतं, जर तिच्यातलं जे होतं ते कुणाकडे तरी गेलेलं असेल. आमची मापं गेली तेव्हा ते माझ्याकडे आलेलं नव्हतं. माझी चूक विकण्याची नाही, क्रमाची होती.

म्हणून तिसऱ्या वीकेंडला मी किंमतीचा कॉलम शेवटी नेला आणि आधी तीन प्रश्न टाकले. एक, ही वस्तू आमच्याशिवाय आणखी कोण वापरतं? दोन, ही नक्की कुणाची आहे, आणि त्याला (किंवा तो नसेल तर त्याला ओळखणाऱ्याला) विचारलं का? तीन, हिच्याबद्दल जे सांगण्यासारखं आहे ते कुणीतरी ऐकलंय का? तिन्हींची उत्तरं मिळाली की मग खुशाल विका, आणि मिळेल त्या भावाला विका.

शिलाई मशीन आत्याच्या नातीकडे गेलं. ती ब्लाउज शिवते. तपेलं आणि पराती नव्या घरातही राहतील, किंबहुना त्यांच्यासाठी जिन्याखाली जागा काढलीय. जातं शेजारच्या काकूंनी नेलं, त्या हळद दळतात. शालू आई ठेवणार. २३७ पैकी ९६ वस्तू भंगारात गेल्या, ५८ दिल्या, ४१ विकल्या आणि ४२ ठेवल्या. म्हणजे बघा, शंभरातल्या ऐंशीच्या वर गेल्याच. वेळ मात्र एका दिवसाऐवजी तीन वीकेंड लागला, कारण प्रत्येक दुसऱ्या वस्तूला आत्या अर्धा तास बोलत होती. मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय, जवळजवळ सहा तास.

शेर, मापटं आणि चिपटं आता माझ्याकडे पुण्यात आहेत. शोकेसमध्ये नाही, किचनमध्ये. चिपट्यानं मी तांदूळ मोजतो. दोघांना एक पुरतं का, हे मी आत्याला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, "तुझी भूक मला काय ठावं? घालून बघ."